ठाण्यातील हॉकी क्लबचा इतिहास आणि कामगिरी कशी नोंदवावी

हॉकी क्लबच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष जवळ आले की कार्यकारिणीच्या सभेत स्मरणिकेचा ठराव होतो, आणि इतिहास लिहिण्याचे काम बहुधा त्या सभेला गैरहजर राहिलेल्या सभासदाच्या गळ्यात पडते. माझ्या गळ्यात ते असेच पडले. ठाण्यातील आमच्या क्लबच्या कपाटात तेव्हा एकोणीस चषक, दोन लाकडी ढाली, कसर लागलेले एक इतिवृत्तपुस्तक आणि छायाचित्रांची एक पत्र्याची पेटी एवढा ऐवज होता. बाकीचे सारे जुन्या खेळाडूंच्या तोंडी होते, आणि त्यांतील निम्म्यांचे एकमेकांशी पटत नव्हते. चार महिन्यांत संपेल असे वाटलेल्या कामाला अडीच वर्षे लागली. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ या भागांत ज्यांच्यावर असे काम येईल त्यांचा वेळ वाचावा, म्हणून त्या अडीच वर्षांत शिकलेली पद्धत येथे मांडत आहे.

सुरुवातीलाच एक नियम ठरवून घ्यावा, कारण पुढची बहुतेक भांडणे त्यानेच मिटतात. कामगिरीचा प्रत्येक दावा एका ओळीत मांडता आला पाहिजे: सामना कधी आणि कोठे झाला, कोणत्या स्पर्धेत व कोणत्या फेरीत झाला, समोर कोण होते, गोलसंख्या काय होती आणि हे सगळे आपल्याला कशावरून कळले. नमुन्यासाठी सर्वांच्या ओळखीचा एक सामना घेऊ. ‘१२ ऑगस्ट १९४८, वेम्ब्ली, लंडन, ऑलिंपिक, अंतिम सामना, भारत ४, ग्रेट ब्रिटन ०, गोल: बलबीर सिंग २, त्रिलोचन सिंग १, पॅट जॅन्सन १.’ स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जर एवढ्या ओळीत मावते, तर आपला जिल्हास्तरीय चषकही मावायला हरकत नाही. ज्या दाव्याची अशी ओळ होत नाही तो खोटा असतोच असे नाही. तो ‘आठवणी’ या वेगळ्या भागात, सांगणाऱ्याच्या नावासह ठेवावा. कामगिरीच्या तक्त्यात मात्र त्याला जागा देऊ नये, मग सांगणारे माजी अध्यक्ष असले तरी.

स्थापनेचे साल

क्लबला एकच जन्मतारीख नसते. मुले मैदानावर जमू लागली ते वर्ष वेगळे, ठरलेल्या नावाने संघ पहिल्यांदा स्पर्धेत उतरला ते वेगळे, हॉकी संघटनेची संलग्नता मिळाली ते वेगळे आणि संस्था म्हणून नोंदणी झाली ते आणखी वेगळे. आमच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत नोंदणीचे सालच स्थापनेचे म्हणून छापले गेले होते, आणि त्याआधी सहा वर्षे उन्हातान्हात खेळलेल्या मंडळींपैकी दोघे त्या कारणावरून समारंभाला आलेच नाहीत. म्हणून चारही तारखा स्वतंत्रपणे द्याव्यात आणि वर्धापनदिनासाठी त्यांपैकी कोणती धरली आहे हे एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे.

नोंदणीची तारीख शोधणे त्यातल्या त्यात सोपे आहे. आपल्याकडील बहुतेक क्लब संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली नोंदलेले असतात. धर्मादाय आयुक्त कार्यालयात आपल्या नोंदणी क्रमांकावरून परिशिष्ट एकचा उतारा मागावा आणि त्यासोबत क्लबने वेळोवेळी दाखल केलेल्या बदल अर्जांच्या नकलाही मागाव्यात. पदाधिकारी बदलले की हा अर्ज करावा लागतो, आणि त्याला सभेचा ठराव व जुन्या-नव्या कार्यकारिणीची नावे जोडलेली असतात. एखाद्या चिटणिसाने घरी नेलेले आणि परत न आणलेले इतिवृत्तपुस्तक कायमचे गेले असे आपण समजतो. त्यातील निवडणुकीपुरता भाग या अर्जांमध्ये सापडू शकतो. फेऱ्या माराव्या लागतात, ‘पुढच्या सोमवारी या’ हेही ऐकावे लागते, पण जावे.

तारीख नसलेल्या कागदाचे वय अनेकदा त्याच्या मथळ्यावरून काढता येते. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा आहे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. याचे उलट टोक मात्र धरू नये. पिनकोड छापलेला नाही म्हणून कागद जुनाच असेल असे नाही, कारण जुनी लेटरहेडे संपेपर्यंत वापरण्याची आपल्याकडील सवय सर्वांना ठाऊक आहे. ठाण्याची नगरपालिका जाऊन महापालिका आली ती १ ऑक्टोबर १९८२ रोजी. तेव्हा प्रमाणपत्रावर ‘नगराध्यक्षांच्या हस्ते’ असे असेल तर ते त्याआधीचे, आणि ‘महापौर चषक’ असे असेल तर त्यानंतरचे. नवी मुंबईतील क्लबांनी ते शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली आहे आणि नवी मुंबई महापालिकेचा कारभार १९९२ च्या जानेवारीत सुरू झाला, ही दोन टोके लक्षात ठेवावीत. ‘न्यू बॉम्बे’ असे नाव असलेला कागद पहिल्या टोकाच्या अलीकडचा असणार. वाशी, तुर्भे, बेलापूर ही गावे अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, त्यामुळे गावाच्या नावाने खेळलेला संघ त्याहून जुना असू शकतो. आणखी एक गोष्ट अलीकडची असूनही फार चुकवणारी आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या ‘ठाणे जिल्हा अजिंक्यपद’ स्पर्धेत वसई, पालघर, डहाणूकडचे संघही येत असत. जुन्या विजेतेपदाचे वजन कळण्यासाठी हे सांगितले पाहिजे.

चषक घासण्याआधी वाचावा

समारंभ जवळ आला की कोणीतरी उत्साहाने कपाटातील चषक चिंच, राख किंवा भांड्यांची पूड लावून लख्ख करून आणतो. हे होऊ देऊ नये. बहुतेक चषक पितळेवर चांदीचा किंवा निकेलचा मुलामा दिलेले असतात, आणि त्यांवरची अक्षरे इतकी उथळ कोरलेली असतात की दोन-चार वेळा जोर लावून घासले की तारीख आधी जाते. चषक नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसावा, खोलीतील दिवे मालवावेत आणि मोबाईलची बॅटरी (टॉर्च) पत्र्याच्या अगदी बाजूने, जवळजवळ आडवी धरावी. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. बाजूने टाकला की प्रत्येक कोरीव रेघेची सावली पडते.

आमच्या कपाटात पुढच्या रांगेत मधोमध दोन दांड्यांचा एक उंच चषक असे. पाहुण्यांना तो ‘आपला पहिला मोठा चषक’ म्हणून दाखवला जाई. त्याची तळपट्टी पार काळी पडली होती. बॅटरी आडवी धरून पट्टी हळूहळू फिरवली तेव्हा आधी सालातील दोन आकडे उमटले, मग स्पर्धेच्या नावाचा शेवट, आणि त्याखाली, अगदी बारीक अक्षरांत, ‘रनर्स अप’. आम्ही चौघे होतो. कोणी काही बोलले नाही. मग आमच्यातील एकाने शांतपणे तो चषक उचलून दुसऱ्या रांगेत ठेवला. अंतिम फेरीत पोहोचणे ही त्या काळच्या आमच्या संघासाठी मोठीच गोष्ट होती, आणि स्मरणिकेत तिला पूर्ण पानभर जागा दिली; फक्त शब्द बदलला.

फिरत्या ढालींच्या बाबतीत अधिक सावध राहावे. लाकडी ढालीवर दरवर्षीच्या विजेत्याची एकेक छोटी पट्टी ठोकलेली असते. स्पर्धा बंद पडली की ढाल शेवटच्या विजेत्याकडे तशीच राहते, आणि वीस वर्षांनी नव्या पिढीला वाटते की ढालीवरचे सगळे विजय आपलेच. प्रत्येक पट्टीचे छायाचित्र घ्यावे आणि जेथे पट्टी गळून नुसती खिळ्यांची भोके उरली आहेत ती जागाही नोंदवावी, कारण ते हरवलेले वर्ष आहे आणि ते दुसऱ्या एखाद्या क्लबच्या स्मरणिकेत सापडू शकते.

गोलनोंदी वाचताना

जुनी गोलनोंदवही किंवा सामन्याचा तक्ता हाती लागला तर तो आजच्या नियमांच्या चष्म्यातून वाचू नये. सामना मध्यरेषेवर बुलीने, म्हणजे दोन खेळाडूंनी समोरासमोर काठ्या टेकवून चेंडूसाठी झटण्याने, सुरू होण्याची पद्धत १९८१ पर्यंत होती. संघाच्या यादीत आऊटसाइड राइट, इनसाइड राइट, सेंटर फॉरवर्ड अशी पाच पुढची नावे, तीन हाफ आणि दोन फुल बॅक असतील तर तो जुना काळ साधारण ओळखू येतो. ऑफसाइडचा नियम १९९० च्या दशकाच्या अखेरीस गेला, आणि त्यानंतर गोलसंख्येची तुलना आधीच्या सामन्यांशी करताना जपून बोलावे. पूर्वी ३५ मिनिटांची दोन सत्रे असत, आता वरच्या पातळीवर १५ मिनिटांची चार सत्रे असतात. स्थानिक स्पर्धांमध्ये मात्र दिवस कलण्याआधी चार सामने उरकायचे म्हणून २० किंवा २५ मिनिटांची सत्रे सर्रास खेळवली जातात. वेळ नोंदलेली असेल तर ती द्यावी. संघ अकरा जणांचा होता की रिंकवरच्या छोट्या सामन्याचा होता, हेही पाहावे. पावसाळ्यात शाळांच्या आवारात सिमेंटच्या रिंकवर जिंकलेला चषक अकरा जणांच्या चषकासोबत एकाच रांगेत मांडणे योग्य नव्हे. त्याची रांग वेगळी असावी.

‘पुढे चाल’ हा शब्द नोंदवहीत वारंवार येतो. प्रतिस्पर्धी न आल्याने मिळालेली चाल विजयांच्या संख्येत धरली तर हिशेब फुगतो, म्हणून ती स्वतंत्र रकान्यात मांडावी. त्याचप्रमाणे बरोबरीनंतर निकाल कसा लागला ते लिहावे. जुन्या काळी सामना दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवत किंवा दोघांना संयुक्त विजेते ठरवत. पुढे पेनल्टी स्ट्रोक आले, आणि २०११ पासून गोलरक्षकासमोर एकट्याने आठ सेकंदांत गोल करण्याचे शूटआऊट आले. ‘४-३ ने जिंकलो’ यातील चार गोल मैदानी खेळातले की शूटआऊटमधले, हे वाचकाला कळले पाहिजे.

छापील कार्यक्रमपत्रिका हा सामना झाल्याचा पुरावा मानू नये. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा होता. पावसाने मैदान चिखलमय झाल्याने तो १५ ऑगस्टला खेळवला गेला आणि भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले. बर्लिनमध्ये असे होत असेल तर जुलैतल्या ठाण्याबद्दल काय बोलावे! त्याच सामन्यात ध्यानचंद यांनी कुठे तीन, तर कुठे सहा गोल केल्याचे लिहिलेले आढळते. संघाची गोलसंख्या पक्की आणि गोल करणाऱ्यांची वाटणी डळमळीत, हा प्रकार सगळीकडेच असतो. गोलसमोरच्या अर्धवर्तुळातल्या, म्हणजे ‘डी’मधल्या, गर्दीत शेवटची स्टिक कोणाची लागली यावर आमच्याकडील दोन काका अजून भांडतात. अशा ठिकाणी संघाचा निकाल तक्त्यात घालावा आणि गोल करणाऱ्याचे नाव ‘असे सांगतात’ या शब्दांसह आठवणींच्या भागात घालावे.

वर्ष लिहितानाही सामन्याचा दिवस पाहावा, स्पर्धेचे नाव नव्हे. मुंबईत झालेला १९८२ चा पुरुषांचा विश्वचषक डिसेंबर १९८१ च्या अखेरीस सुरू झाला, आणि ‘टोकियो २०२०’ मधील कांस्यपदकाचा जर्मनीविरुद्धचा ५-४ असा सामना ५ ऑगस्ट २०२१ रोजी झाला. आपल्या हिवाळी स्पर्धाही डिसेंबर-जानेवारीत दोन वर्षांवर पाय ठेवून उभ्या असतात. तक्त्यात ‘१९८४-८५’ असे हंगामाचे साल आणि कंसात सामन्याची तारीख, अशी दुहेरी नोंद ठेवणे सोयीचे पडते.

छायाचित्रांची पेटी

सांघिक छायाचित्राच्या मागची बाजू आधी पाहावी. फोटो स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, क्वचित एखाद्याची सही तेथे असते. पुढे, मधल्या खेळाडूच्या पायाशी पाटीवर खडूने साल लिहिलेले असेल तर उत्तमच. नसेल तर साहित्य पाहावे. लांब वळणाची जुनी काठी आणि आखूड, घट्ट वळणाची भारतीय घडणीची काठी यांत फरक दिसतो. गोलरक्षकाच्या पायांवर क्रिकेटसारखे वेताचे पॅड असतील तर छायाचित्र जुने, फोमचे जाड रुंद पॅड असतील तर ऐंशीच्या दशकाच्या नंतरचे समजण्यास हरकत नाही. हा अंदाज आहे; क्लब गरीब असतात आणि गोलीचे पॅड वारसाहक्काने पुढे जातात, म्हणून ‘सुमारे’ हा शब्द सोडू नये.

नावे लावताना छायाचित्राची मोठी झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर क्रमांक घालावा आणि ती किमान तीन जुन्या खेळाडूंना वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न दाखवता द्यावी. तिघांपैकी किमान दोघांनी एकच नाव सांगितले तरच ते छापावे. मूळ छायाचित्र कोणाच्याही घरून नेऊ नये. तेथेच बसून मोबाईलवर किंवा स्कॅनरवर प्रत घ्यावी. आमच्या आधीच्या स्मरणिकेच्या वेळी एका कुटुंबाकडून नेलेली सात छायाचित्रे छापखान्यातून परत आलीच नाहीत, आणि त्या घरचे दार मला उघडून घ्यायला आठ महिने लागले.

वर्तमानपत्रे

ठाण्यात असल्याचा एक मोठा फायदा म्हणजे १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या हाताशी आहे. जुन्या अंकांसाठी विचारपूस तेथूनच सुरू करावी. शोधण्यापूर्वी कोणते पत्र कधी निघाले हे पाहून घ्यावे: ‘लोकसत्ता’ १९४८ चा आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ चा असल्याने पन्नाशीच्या दशकातील सामन्यासाठी या दुसऱ्या पत्राच्या फाइली मागण्यात अर्थ नाही. इंग्रजी पत्रांत जुन्या काळी शहराचे नाव ‘ठाणा’ असे येते, त्यामुळे संगणकावर शोधताना दोन्ही रूपे घालून पाहावीत. निकाल सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि सामना मुंबईबाहेरचा असेल तर दोन-तीन दिवसांनी छापला जातो. बातमीतील ‘काल’ मोजूनच तारीख लावावी. कात्रणावर पत्राचे नाव आणि दिनांक नसेल तर त्याची पाठ उलटून पाहावी. तेथील चित्रपटाची जाहिरात किंवा बाजारभाव पुष्कळदा वर्ष सांगून जातात.

जुन्या खेळाडूंना काय विचारावे

‘कोणत्या साली?’ असा प्रश्न सत्तरीतल्या खेळाडूला विचारला की तो एक आकडा देतो आणि मग त्या आकड्याला घट्ट चिकटून बसतो. त्याऐवजी, ‘काका, तेव्हा तुम्ही नोकरीला लागला होतात का? लग्न झालं होतं का? गाडी पकडून चर्चगेटला खेळायला जात होतात तेव्हा सोबत कोण असायचं?’ असे विचारावे. सार्वजनिक घटनांच्या खुंट्याही उपयोगी पडतात. १९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संप, १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ ने हरवून जिंकलेला विश्वचषक, १९८० चे मॉस्को ऑलिंपिक, जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप, त्याच वर्षीच्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेतील पाकिस्तानकडून झालेला ७-१ चा तो पराभव: यांच्या आधी की नंतर, असे विचारले की बहुतेकांना नेमके आठवते. वाशीकरांना १९९२ ची खूण पुरते. त्या वर्षी मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली, आणि ‘किट घेऊन बसने खाडी ओलांडायचो’ असे कोणी म्हणाले की काळ बराचसा आवळता येतो.

मुलाखत घरी घ्यावी, क्लबात नव्हे. क्लबात चारजण असतात आणि सर्वांत मोठ्या आवाजाची आठवण खरी ठरते. घरी गेले की काकू आतून जुनी बॅग आणून देतात, आणि त्या बॅगेतून ओळखपत्र, प्रवासाची पावती, अगदी सामन्याच्या दिवशीची डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा निघते. अनेक घरांत अशा वस्तू २६ जुलै २००५ च्या पाण्यात गेल्या. तशी हकिगत ऐकायला मिळाली तर काय काय गेले याची यादी तरी लिहून घ्यावी. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी आधी मागावी आणि लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी वाचून दाखवावा.

मैदान

बहुतेक स्मरणिकांत अध्यक्षांची छायाचित्रे पाच पाने व्यापतात आणि मैदानाला एक परिच्छेद मिळतो. मला हे उलटे वाटते. क्लब कोणत्या जमिनीवर खेळला, ती कोणाच्या मालकीची होती, आखणी चुन्याने कोण करत असे, मैदान केव्हा आणि कशासाठी गेले, हे सांगितल्याशिवाय कामगिरीचा अर्थच लागत नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदके जिंकलेला भारत सातव्या क्रमांकावर गेला. मुरुमाच्या मैदानावर चेंडू उसळतो, म्हणून खेळाडू तो काठीला चिकटवून ठेवायला आणि मनगटाने वळवायला शिकतो. टर्फवर, म्हणजे कृत्रिम पृष्ठभागावर, तो सरळ आणि वेगाने जातो, तेथे धाव आणि लांब पास यांना किंमत येते. मुरुमावर सराव करून टर्फवर सामना खेळायला जाणाऱ्या क्लबचा ०-५ असा पराभव वाचताना वाचकाला हा फरक माहीत असायला हवा. म्हणून तक्त्यात ‘पृष्ठभाग’ असा एक रकाना अवश्य ठेवावा: मुरूम, गवत, टर्फ, सिमेंट. आमच्या तक्त्यात हा रकाना भरल्यावर लक्षात आले की ज्या दहा वर्षांना आम्ही ‘पडता काळ’ म्हणत होतो, त्या काळात मुरुमावरचे आमचे निकाल पूर्वीसारखेच होते. बहुतेक पराभव टर्फवरचे होते.

मैदान मोजून त्याची मापेही द्यावीत. पूर्ण मैदान ९१.४० बाय ५५ मीटरचे असते. आमचे लांबीला अकरा मीटरने कमी भरले, कारण एका बाजूला नाला होता. नाल्यात गेलेले चेंडू कोण काढत असे, हेही मग लिहावेच लागले.

दावे कोणत्या शब्दांत करावेत

‘आमच्या क्लबने ऑलिंपिकपटू घडवला’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी थांबावे. खेळाडू क्लबमध्ये किती हंगाम होता, कोणत्या वयात होता आणि निवड झाली तेव्हा तो कोणाकडून खेळत होता, ही तीन उत्तरे हवीत. धनराज पिल्ले खडकीचे. मोठे झाले ते मुंबईत महिंद्रच्या संघातून. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेल्या या खेळाडूवर खडकीही हक्क सांगते आणि मुंबईही, आणि दोघांचेही बरोबर आहे. ‘येथे सुरुवात केली’, ‘येथून अमुक ते अमुक हंगाम खेळले’, ‘पाहुणे खेळाडू म्हणून एका स्पर्धेत उतरले’ हे तीन वेगळे शब्दप्रयोग आहेत. जो खरा असेल तो वापरावा. एका स्पर्धेपुरत्या आणलेल्या मोठ्या खेळाडूच्या जोरावर जिंकलेला चषक आपलाच, पण तो खेळाडू आपला नव्हे.

‘राज्य खेळाडू’ या शब्दातही गोंधळ आहे. राष्ट्रीय स्पर्धेत मुंबई आणि महाराष्ट्र असे दोन वेगळे संघ उतरत आले आहेत, त्यामुळे खेळाडू कोणत्या संघाकडून खेळला ते लिहावे. शालेय राज्यस्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची असते आणि अजिंक्यपद स्पर्धा हॉकी संघटनेची. दोन्ही प्रमाणपत्रांवर ‘राज्यस्तरीय’ असेच छापलेले असते, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशपातळीवरची जुनी प्रमाणपत्रे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हॉकी महासंघाची आणि २००९ नंतरची ‘हॉकी इंडिया’ची असतात. वर्ष आणि संस्था जुळत नसतील तर कागद पुन्हा तपासावा. हा काटेकोरपणा कोणाला अति वाटेल, परंतु शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणात प्रमाणपत्रांची पडताळणी होते, आणि तेव्हा एखादा जुना खेळाडू धावत क्लबकडे येतो. आमच्या तक्त्याचा पहिला खरा उपयोग स्मरणिकेआधीच असा झाला.

‘अखिल भारतीय’ हे विशेषण स्पर्धेच्या नावात असते म्हणून लिहावे, पण सोबत किती राज्यांतील किती संघ आले होते तेही द्यावे. ‘देशातील सर्वांत जुन्यांपैकी एक’ असे लिहिण्याचा मोह होतो. कोलकात्याचा बायटन चषक १८९५ चा आणि मुंबईची आगाखान स्पर्धा १८९६ ची आहे. त्यांच्या शेजारी आपले साल ठेवून पाहावे आणि मग विशेषण निवडावे.

पराभव वगळू नयेत. अंतिम फेरीतील पराभव, पहिल्याच फेरीत बाहेर पडलेले हंगाम, संघ जमला नाही म्हणून नाव मागे घेतलेले वर्ष, हे सगळे तक्त्यात यावे. महिला संघाबाबत तर विशेष लक्ष द्यावे. ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी १९८० साली आली आणि भारत त्या वेळी चौथा आला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली महिलांनी सुवर्णपदक जिंकले. त्याच सुमारास आपल्या क्लबमध्ये मुली खेळत होत्या का, हे इतिवृत्तात बहुधा नसते. हिशेबवही पाहावी. आमच्याकडे त्यांचा पहिला उल्लेख ‘मुलींच्या संघासाठी सहा स्टिका’ अशा खर्चाच्या ओळीत सापडला, आणि त्या सहांपैकी चौघींचा पत्ता लागला.

छपाईपूर्वी आणि नंतर

तक्ता आधी क्लबच्या सूचनाफलकावर महिनाभर लावावा आणि शेजारी एक वही टांगून ठेवावी. दुरुस्त्या तोंडी घेऊ नयेत; सुचवणाऱ्याने पुरावा काय आहे तेही वहीत लिहावे, एवढी अट घातली की निम्म्या सूचना आपोआप मिटतात आणि उरलेल्या निम्म्या फार मोलाच्या असतात. हयात खेळाडूंचे फोन, पत्ते व जन्मतारखा छापू नयेत, आणि सध्याच्या लहान मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नयेत.

छपाईनंतर तक्त्याची एक प्रत बांधून क्लबमध्ये ठेवावी आणि प्रत्येक पानाची उजवी बाजू कोरी सोडावी. नव्या हंगामाची नोंद चिटणिसाने सामना संपल्यापासून आठ दिवसांच्या आत करावी, दोन्ही कर्णधारांच्या सह्यांचा सामन्याचा कागद तेथेच चिकटवावा, आणि तो कागद पंचांकडून मागून घेण्याची जबाबदारी संघव्यवस्थापकावर टाकावी. स्मरणिकेची एक प्रत ग्रंथसंग्रहालयाला देऊन तिची पोचपावती इतिवृत्तपुस्तकात लावावी. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे असाव्यात आणि त्या दोघांची नावे दारावर लिहिलेली असावीत. आमच्या कपाटाची एकमेव किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त होऊन कोकणात गेले, तेव्हा पहिल्या दिवशी कुलूप फोडूनच कामाला सुरुवात करावी लागली होती.